नेत्यांना समोर बसवून चिमटे काढायचे तर: पत्रकार संघाच्या प्रहसन-प्रयोगाची पूर्ण तयारी

ज्यांनी असे कार्यक्रम पाहिलेत, त्यांना ते पुन्हा व्हावेत असं मनापासून वाटतं. वार्ताहरांनी रंगमंचावर नेत्यांची सोंगं घ्यावीत, नेत्यांनी पहिल्या रांगेत बसून हसावं आणि मग उठून पत्रकारांनाच चार शब्द ऐकवावेत. हौसेनं असा प्रयोग ठरवणारे पत्रकार संघ मात्र बहुतेक वेळा एकाच जागी चुकतात. आधी नकलाकार शोधला जातो, मग सभागृह, मग पाहुणे, आणि संहिता शेवटच्या चार दिवसांत कशीबशी उरकली जाते. त्यातून जे उभं राहतं ते मिमिक्रीचा कार्यक्रम असतं, नाहीतर सत्कार समारंभ. क्रम उलटा हवा: आधी नियम, मग पाहुणे, मग संहिता, आणि सगळ्यात शेवटी नकला.

वॉशिंग्टनच्या पत्रकारांचा ग्रिडायर्न क्लब १८८५ पासून आणि न्यूयॉर्कच्या पत्रकारांचं इनर सर्कल १९२० च्या दशकापासून हेच करत आले आहेत. त्यांच्या पद्धतीतलं इथे उपयोगी पडेल तेवढं खाली घेतलं आहे. बाकीचा साचा आपल्या तमाशाचा: गण, बतावणी, वग. बतावणीत सोंगाड्यानं प्रसंग पाहून राजकारणावर बोलायचं ही रीत आपल्याकडे जुनी आहे. त्यामुळे परका साचा आणायची गरज नाही.

१. बारा आठवडे आधी: पाच नियम कागदावर

पहिल्या बैठकीत विनोद सुचवायचे नाहीत. नियम लिहायचे आणि संघाच्या कार्यकारिणीनं त्यावर सह्या करायच्या.

पहिला: चिमटा सार्वजनिक वागण्यालाच. पक्षांतर, भाषणं, आश्वासनं, निधी, उद्घाटनं, सभागृहातली गैरहजेरी हे सगळं खुलं. शरीर, आजारपण, बोलण्यातला दोष, जात, धर्म, बायकामुलं बंद. घरातली व्यक्ती स्वतः पदावर असेल तर तिच्या पदापुरतीच ती खुली.

दुसरा: ज्याची थट्टा, त्याला त्याच रंगमंचावर उत्तराची वेळ. या प्रयोगाचा कणा हाच. इनर सर्कलमध्ये पत्रकारांचा खेळ झाला की शहराचा महापौर उत्तरादाखल स्वतःचा खेळ सादर करतो. उत्तराची सोय नसेल तर थट्टा एकतर्फी होते आणि सभागृहाला ते लगेच जाणवतं.

तिसरा: सुरुवातीचे चटके पत्रकारांना. पाकिटं, पेड न्यूज, 'सूत्रांच्या माहितीनुसार', मालकाच्या फोनवर बदलणारा मथळा. हे आधी स्वतःवर घेतलं की पुढचं बोलायचा हक्क मिळतो.

चौथा: नेत्यांकडून पैसा नाही. प्रायोजकत्व नाही, स्मरणिकेत शुभेच्छा-जाहिरात नाही, जेवणाचा खर्चसुद्धा नाही. ज्याची जाहिरात छापली त्याच्यावरचं कडवं कोणीतरी हळूच काढून टाकतं. ते तसं काढलं गेलं नाही, तरी लोकांना ते काढलंय असंच वाटतं.

पाचवा: संहिता कोणत्याही नेत्याला आधी दाखवायची नाही. मागणी येतेच, तेव्हा हा लेखी नियम पुढे करता येतो.

ग्रिडायर्नवाल्यांचं ब्रीद आहे की चटका द्यावा, जाळू नये. पाचही नियम त्यातून निघतात.

२. अकरावा आठवडा: तारीख, वेळ, सभागृह

सगळ्यांच्या मनात येते ती ६ जानेवारी, दर्पण दिन. ती टाळा. त्या दिवशी जिल्ह्यातले सगळे पुरस्कार सोहळे असतात. शिवाय सुरुवातीची तयारी दिवाळी अंकांच्या गडबडीत आणि तालमी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात येतात. निम्मे नट डेस्कवर आणि उरलेले विधानभवनाच्या पायऱ्यांवर. जानेवारीचा तिसरा-चौथा आठवडा किंवा फेब्रुवारीची सुरुवात बरी. ३० जानेवारी, हुतात्मा दिन, सोडा. राज्याच्या बातमीदारांनी मिळून करायचं असेल तर मात्र नागपूर अधिवेशनाचा काळ उत्तम, कारण मंत्री, आमदार आणि वार्ताहर तेव्हा एकाच गावात असतात. त्यासाठी तालमी मुंबईतच पूर्ण करून जावं लागतं.

संध्याकाळचा प्रयोग ठेवला की पानं लागायची वेळ आणि टीव्हीचं प्राइम टाइम दोन्ही आडवी येतात. सकाळचं ११ वाजताचं सत्र धरा. नाट्यगृहात ते मिळायला सोपं जातं आणि नेत्यांना 'पुढचा कार्यक्रम आहे' म्हणून मधूनच उठायला निमित्त कमी मिळतं.

*तपासा:* त्या काळात जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा पोटनिवडणुकीची आचारसंहिता लागण्याची शक्यता आहे का? असेल तर तारीख पुढे ढकला. आचारसंहितेत असा प्रयोग झाला तर प्रत्येक ओळीचा हिशेब मतांमध्ये होतो.

३. दहावा आठवडा: पाहुणे

तीन बोलणारे पाहुणे पुरेत: सत्तेतला एक, विरोधातला एक, आणि विधिमंडळाचा (अध्यक्ष, सभापती असा) किंवा प्रशासनाचा पाहुणा एक. ग्रिडायर्नमध्ये दोन्ही पक्षांचा एकेक वक्ता आणि राष्ट्राध्यक्ष असा रिवाज आहे. आपल्याकडे एकाच पक्षाचे दोन तुकडे दोन बाजूंना असू शकतात, त्यामुळे मोजणी पक्षाची न करता माणसांची करा.

पत्र पीएच्या हातात देऊन थांबू नका. नेत्याशी स्वतः बोला आणि चार गोष्टी स्पष्ट सांगा: थट्टा होणार आहे; ती कशावर होणार नाही; तुम्हाला शेवटी सात मिनिटं आहेत; सात मिनिटांत तुम्ही आमची आणि स्वतःची थट्टा करावी अशी अपेक्षा आहे. भाषणाला मदत हवी असेल तर संघातला एक लेखक देऊ करा, पण तो संहितेच्या चमूतला नसावा.

सात मिनिटं कशी वापरावीत याचं उदाहरण विचारलं तर १९८२ चं सांगा. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या पत्नी नॅन्सी यांच्या महागड्या कपड्यांवर वर्तमानपत्रांत टीकेची झोड उठली होती. ग्रिडायर्नच्या कार्यक्रमात त्या स्वतः विसंगत, जुनेपाने कपडे घालून रंगमंचावर आल्या आणि स्वतःवरचंच विडंबनगीत गायल्या. टीका करणाऱ्या पत्रकारांनीच टाळ्या वाजवल्या. आपल्या नेत्यांनाही हे जमतं. त्यांना आधी सुचवावं लागतं इतकंच.

*सावधान:* 'येतो' म्हणालेल्या पण लेखी होकार न दिलेल्या नेत्यावर मुख्य प्रवेश बेतू नका. तो आला नाही तर गैरहजर माणसाची थट्टा शिल्लक राहते आणि दुसरा नियम मोडतो. अशा नेत्यासाठी एखादं कडवं ठेवा, जे काढलं तरी काही अडत नाही.

प्रत्येक पाहुण्याला चार पास द्या, नावानिशी. कार्यकर्त्यांनी सभागृह भरलं की हशाच्या जागी घोषणा ऐकू येतात.

४. नववा ते सहावा आठवडा: संहिता

लेखक चारच. दहा जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संहिता होत नाही. चौघांत एक छंदात लिहिणारा, एक संवाद लिहिणारा, एक जुन्या बातम्या पाठ असलेला बीटवाला (एकच क्षेत्र सांभाळणारा वार्ताहर), आणि काटछाट करणारी एक उपसंपादक. शेवटचा शब्द तिचा.

सगळा प्रयोग ९० मिनिटांचा. वाटणी अशी ठेवा: गण ४, बतावणी १०, विडंबनगीतं सहा (प्रत्येकी ३ मिनिटं), वगाच्या जागी छोटे प्रवेश चार (प्रत्येकी ६), पाहुण्यांची उत्तरं तीन (प्रत्येकी ७), जोडनिवेदन ८ आणि शेवट ५. मध्यंतर नाही. मध्यंतरात चहाला गेलेले नेते परत येत नाहीत.

गणात गणपतीला साकडं घालता येतं, देवाची थट्टा करायची नाही. आरत्या, अभंग, राष्ट्रगीत आणि २०२३ मध्ये राज्यगीत झालेलं गीत यांचं विडंबन अजिबात नाही.

विनोद दुरुस्त कसा करायचा

पहिल्या खर्ड्यात नेत्याच्या पोटावर, टकलावर, उच्चारावर विनोद येतातच, कारण ते पटकन सुचतात. प्रत्येकाला एक प्रश्न विचारा: यातून नेत्यानं केलेली कोणती गोष्ट कळते? काहीच कळत नसेल तर तो काढा. समजा, तीन वेळा पक्ष बदललेला आमदार आहे आणि खर्ड्यात त्याच्या ढेरीवर चार ओळी आहेत. त्या काढून पीए आणि आमदार एवढेच ठेवले:

पीए: साहेब, उपरणं कुठल्या रंगाचं आणू?
आमदार: तिन्ही आण. दिवस मोठा आहे.

दोन ओळींत पक्षांतर आलं, पीए आला, आणि आमदाराला उत्तरात बोलायला विषयही मिळाला. ढेरीवरच्या विनोदाला तो काय उत्तर देणार?

विडंबनगीताची चाल

ओळखीची चाल हवी, म्हणून सगळे सिनेमाच्या गाण्याकडे धावतात. तिथे अडचण आहे. आयपीआरएससारख्या, गीतकार-संगीतकारांच्या वतीनं परवाने देणाऱ्या संस्थेकडून मिळतो तो गाणं सादर करण्याचा परवाना; शब्द बदलायची परवानगी त्यात येत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळांना सवलत आहे, पण ती प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेल्या प्रयोगापुरती. तिकीट लावलंत की ती गेली.

जुन्या चाली घ्या. भारतात हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. त्यामुळे अनंत फंदींचा फटका, पेशवाईतल्या शाहिरांच्या लावण्या, पोवाड्याची चाल, किर्लोस्कर-देवलांची नाट्यपदं सगळी मोकळी आहेत. नंतरच्या कोणी बांधलेली चाल मात्र त्यात येत नाही, तेवढं बघा.

फटक्याचा छंद तर याच कामासाठी आहे. पहिल्या भागात १६ मात्रा, दुसऱ्यात १४, शेवटी 'नको':

उद्घाटन तर झाले आहे, रस्ता कुठला पुसू नको;
नारळ फुटला, फोटो निघला, खड्ड्यावरती रुसू नको.

मात्रा बोटांवर मोजा. एक मात्रा वाढली की हौशी गायक ती गिळतो, आणि गिळला जातो तो नेमका विनोदाचा शब्द. कडवी तीन किंवा चार, त्याहून जास्त नाहीत. सगळ्यात तिखट ओळ शेवटच्या कडव्याच्या शेवटी.

चिमट्यांची वही

एका वहीत तीन रकाने आखा: कोण, कशावर, किती सेकंद. दर आठवड्याला बेरीज करा. सत्तेतल्यांना थोडं जास्त मिळणं रास्त आहे, कारण करण्यासारखं त्यांच्याच हातात असतं. पण एकाच नेत्यावर सगळ्या थट्टेच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त वेळ गेला तर तो प्रयोग त्याच्याविरुद्धची सभा होतो. पत्रकारांचा रकाना कोणत्याही एका नेत्यापेक्षा लहान नको.

*तपासा:* संहिता घड्याळ लावून मोठ्यानं वाचा. वाचनाला ६५ मिनिटांपेक्षा जास्त लागली, पाहुण्यांची उत्तरं सोडून, तर कापा. प्रत्यक्षात हशा, टाळ्या आणि ये-जा वेळ वाढवतात.

५. सहावा आठवडा: वकील आणि परवानग्या

वकिलाकडे पूर्ण संहिता द्या, 'वादग्रस्त वाटलेली पानं' तेवढी नकोत. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ बदनामीचं. सार्वजनिक पदावरच्या वागणुकीबद्दल सद्भावनेनं व्यक्त केलेलं मत त्याच्या अपवादांत बसतं. 'यांनी अमक्या टेंडरमध्ये पैसे खाल्ले' हे नेमकं विधान विनोदात घातलं तरी विधानच राहतं. जे बातमीत पुराव्याशिवाय छापलं नसतं ते गाण्यात घालायचं नाही. विधानसभेचे अध्यक्ष किंवा विधान परिषदेचे सभापती यांच्या आसनावरच्या निर्णयांची नक्कल असेल तर विशेषाधिकार भंगाचा मुद्दा वकिलाला वेगळा विचारा.

महाराष्ट्रात रंगमंचावरच्या प्रयोगाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते, आणि नाट्यगृहं प्रमाणपत्र मागतात. इथली चूक ठरलेली आहे: ९० मिनिटांची संहिता पाठवायची आणि मग ताज्या घडामोडींवर नवी कडवी घालायची. काढलेल्या मजकुराचा त्रास होत नाही, घातलेल्याचा होतो. म्हणून पर्यायी कडवी आणि दोन जादा प्रवेश आधीच जोडून मोठी संहिता पाठवा आणि त्यातून निवडा. स्थानिक पोलिस ठाण्याची परवानगी वेगळी, ती वेळेत मागा. मार्च २०२५ मध्ये एका विडंबनगीतावरून मुंबईत खारच्या स्टुडिओची तोडफोड झाली होती, हे नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना आठवतं. त्यांना कार्यक्रमाचं खरं स्वरूप सांगा. 'सांस्कृतिक कार्यक्रम' एवढंच लिहून बुकिंग करू नका.

६. पाचवा ते दुसरा आठवडा: तालमी

पात्रांत पत्रकारच हवेत, पण गाणाऱ्यांत दोन-तीन तयार गळे बाहेरून घ्या. ग्रिडायर्नमध्येही चांगल्या गायकांना खास सदस्य करून घ्यायची पद्धत आहे. वाद्यं थोडी: पेटी, ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज. ढोलकीवाला व्यावसायिकच पाहिजे. वेळ तोच सांभाळतो.

पहिला आठवडा नुसतं वाचन. दुसरा उभ्या तालमी. तिसरा वाद्यांसह. चौथ्यात रंगीत तालीम, तीही प्रत्यक्ष नाट्यगृहात.

नकला करताना आवाज हुबेहूब जमलाच पाहिजे असं नाही. एका नेत्याची एक खूण धरा: उपरण्याची गाठ, कागद पुढे धरायची पद्धत, दर वाक्याआधी येणारं एखादं पालुपद. खूण दोनदा दाखवली की पुरे. पाचव्यांदा दाखवली की ती टवाळी होते. महिला नेत्याची भूमिका बाईनंच करावी. साडी नेसलेल्या पुरुषाला मिळणारा हशा साडीला असतो, राजकारणाला नसतो. मावशीची गोष्ट वेगळी, ते तमाशातलं ठरलेलं पात्र आहे आणि कोणा खऱ्या बाईची नक्कल नाही.

माईकची चूक जवळपास प्रत्येक प्रयोगात होते. नाट्यगृहातले टांगलेले माईक ढोलकी उचलतात, शब्द नाही. पुढच्या कडेला चार उभे माईक, निवेदकाला हातातला एक, आणि गाणाऱ्यांना ठरलेली जागा द्या. प्रत्येक कडव्याच्या शेवटच्या ओळीला ढोलकी खाली आणायची हे तालमीतच पक्कं करा.

*तपासा:* रंगीत तालमीला राजकारणाशी संबंध नसलेले दहा जण बोलवा आणि शेवटच्या रांगेत बसवा. कुठल्या ओळी ऐकू आल्या नाहीत ते त्यांच्याकडून लिहून घ्या. न कळलेल्या विनोदांची यादीही घ्या, पण ते सगळे काढू नका. थोडे सभागृहातल्या जाणत्यांसाठी राहू द्या.

७. प्रयोगाची सकाळ

सकाळी ८ वाजता उपसंपादकानं त्या दिवसाच्या सगळ्या बातम्या वाचायच्या. संहितेतल्या कोणाच्या घरी मृत्यू, अपघात, आजारपण किंवा अटक झाली असेल तर त्याच्यावरचा भाग निघाला. यावर चर्चा करायची नाही. मोठी दुर्घटना घडली असेल तर प्रयोगच पुढे ढकला.

दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, स्वागतगीत यांपैकी काहीही नाही. अर्धा तास हारतुऱ्यांत गेला की लोक हसायला बसलेलेच नसतात, ते आभारप्रदर्शनाची वाट पाहत असतात. ग्रिडायर्नची सुरुवात अंधारात होते: दिवे घालवतात आणि क्लबचा अध्यक्ष काळोखातच छोटं भाषण करतो. तुम्हीही दिवे घालवा आणि अंधारात ढोलकी वाजू द्या.

नेते उशिरा येणार. प्रयोग ११ म्हणजे ११ ला सुरू करा, पण गण आणि बतावणी पत्रकारांवर ठेवा. पहिल्या १५ मिनिटांत कोणत्याही पाहुण्यावरचा प्रवेश नको. मधेच आलेल्या नेत्यासाठी खेळ थांबवून स्वागत करायचं नाही; स्वयंसेवक बॅटरी घेऊन जागेवर नेईल. रंगमंचावरच्या सोंगाड्यानं एखादं वाक्य टाकलं तर तेवढं स्वागत पुष्कळ झालं.

फोनवरच्या चित्रीकरणाची परवानगी देऊ नका, ते तिकिटावर छापा आणि सुरुवातीला सांगा. २० सेकंदांच्या क्लिपमध्ये चिमटा राहतो आणि उत्तर गळतं. संघाचा एक कॅमेरा ठेवा, आणि बाहेर काही द्यायचं तर प्रवेश व त्यावरचं उत्तर एकत्रच द्या.

उत्तरांचा क्रम पाहुण्यांच्या मानापानावर ठरवू नका. ज्याची सगळ्यात जास्त थट्टा झाली तो शेवटी. सहाव्या मिनिटाला समोरचा लाल दिवा लागेल हे आधी सांगून ठेवा. उत्तराचं खरं भाषण व्हायला लागलं, सरकारच्या योजना सुरू झाल्या, तर ढोलकीवाल्यानं हलकी थाप द्यायची. ही खूण पाहुण्यांना आधीच सांगितलेली असली की तीच हशा मिळवते.

*सावधान:* नेता दुखावला हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं तरी निवेदकानं रंगमंचावरून माफी मागायची नाही. त्याला उत्तराची वेळ आहे. पण नियमाबाहेरचं काही निसटलं असेल, म्हणजे घर, जात, शरीर यांवर, तर संघाच्या अध्यक्षानं त्याच कार्यक्रमात, पुढचा प्रवेश सुरू व्हायच्या आधी, स्वतः येऊन माफी मागावी.

८. नंतरचे आठ दिवस

हिशेब आठ दिवसांत जाहीर करा: तिकिटं किती, खर्च किती, उरलेली रक्कम कुणाला. ती आजारी किंवा निवृत्त पत्रकारांच्या निधीला गेली तर उत्तम. तिन्ही पाहुण्यांना आभाराचं पत्र जाऊ द्या, त्यात थट्टेचं स्पष्टीकरण नको.

वापरलेली संहिता, न वापरलेली कडवी, चिमट्यांची वही आणि प्रमाणपत्राची प्रत एका फाइलमध्ये संघाच्या कपाटात ठेवा. पुढच्या वर्षीच्या चार लेखकांपैकी दोन नवे घ्या, दोन जुने ठेवा, आणि तारीख त्याच आठवड्यात नाट्यगृहाच्या वहीत नोंदवून टाका.